पूलचा नेम व्हिडिओ बघून शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूल, म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारून पॉकेटमध्ये घालायचा खेळ. त्याबद्दल लोक पाठवतात तसेच प्रश्न इथे ठेवले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न तेवढे एकत्र केले. सुरुवातीचे नवख्यांचे आहेत, किचकट भाग पुढे आहे. एका उत्तरासाठी दुसरं वाचावं लागणार असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. सोयीसाठी क्यूने (काठीने) मारायच्या क्यू बॉलला ‘पांढरा’ म्हटलं आहे, आणि नुसतं ‘बॉल’ म्हटलं की तो पॉकेटमध्ये घालायचा बॉल.

१. नुसते व्हिडिओ बघून नेम शिकता येतो का, की कोच लागतोच?

नेम कुठे धरायचा हे व्हिडिओवरून शिकता येतं, आणि चांगलं शिकता येतं. वरून घेतलेलं चित्रण, पडद्यावर आखलेल्या रेषा, बॉलला बॉल लागतानाचं स्लो मोशन, यातलं काहीच शेजारी उभा असलेला कोच दाखवू शकत नाही. मात्र तुम्ही धरलेल्या नेमावर पांढरा गेला की नाही, हे व्हिडिओला कळत नाही. घोडं बहुतेकांचं इथेच अडतं. शॉट चुकला की पद्धत बदलली, नवा व्हिडिओ शोधला, पुन्हा चुकला. आणि दोष सगळा वेळ स्ट्रोकमध्ये, म्हणजे क्यू चालवण्यात, असतो. कोच मिळत असेल तर त्याचा वेळ स्टान्स (उभं राहण्याची ढब) आणि स्ट्रोकसाठी वापरा, नेमाची भूमिती व्हिडिओवर सोडा. कोच नसेल तर ८ आणि १८ ही उत्तरं आधी वाचा.

२. घोस्ट बॉल, फ्रॅक्शन, कॉन्टॅक्ट पॉइंट, सीटीई... सुरुवात कशापासून करू?

ही सगळी नेम धरण्याच्या पद्धतींची नावं (सीटीईबद्दल उत्तर १६). सुरुवात घोस्ट बॉलपासून. बॉल पॉकेटकडे जायचा असेल तर पांढरा त्याला लागताना नेमका कुठे असला पाहिजे, त्या जागी एक काल्पनिक बॉल ठेवलेला आहे असं समजायचं. हा काल्पनिक बॉल खऱ्या बॉलला पॉकेटच्या बरोबर विरुद्ध बाजूने चिकटलेला असतो. पांढऱ्याचा मध्य काल्पनिक बॉलच्या मध्यावर नेऊन पोचवायचा, एवढंच काम.

पूलचे बॉल ५७.१५ मिमी व्यासाचे असतात, म्हणजे घोस्ट बॉलचा मध्य खऱ्या बॉलच्या मध्यापासून ५७.१५ मिमी मागे येतो. बाकीच्या बहुतेक पद्धती ही एकच जागा वेगवेगळ्या मार्गांनी शोधतात. म्हणून घोस्ट बॉल समजला की पुढचा कुठलाही व्हिडिओ ऐकताना हा माणूस नक्की काय मोजतोय हे कळतं.

३. बॉलवर जिथे लागायला हवं त्याच बिंदूवर नेम धरतो. तरी बॉल कमी कट होतो. असं का?

कारण पांढरा हा बिंदू नाही, त्याला जाडी आहे. त्याचा मध्य तुम्ही त्या बिंदूकडे पाठवलात तर तिथे पोचायच्या आधीच त्याची बाजू बॉलला लागते, आणि लागते ती जास्त जाड, म्हणजे बॉलच्या मध्याच्या जास्त जवळ. हिशेब सांगतो: ३० अंशांचा कट (बॉल पांढऱ्याच्या रेषेपासून जितका वळतो तो कोन) हवा असताना कॉन्टॅक्ट पॉइंटवर, म्हणजे त्या बिंदूवर, नेम धरला, तर प्रत्यक्षात जेमतेम साडेचौदा अंशांचा कट मिळतो. बॉल पॉकेटच्या जवळपासही जात नाही.

दुरुस्ती सोपी आहे. पांढऱ्याच्या मागून बघताना बॉलच्या मध्यापासून तो बिंदू आडवा जितका सरकलेला दिसतो, त्याच्या दुप्पट सरकून नेम धरा. मोठ्या कटला ही दुप्पट बॉलच्या कडेबाहेर, मोकळ्या जागेत पडते. तिथे नेम धरताना मन कचरतं आणि हात आपोआप आत वळतो. नवख्यांचे कट कमी पडण्याचं हे दुसरं कारण.

४. घोस्ट बॉल कितीही प्रयत्न केला तरी दिसत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. बऱ्याच चांगल्या खेळाडूंनाही तो ‘दिसत’ नाही, त्यांना जागा कळते. सुरुवातीला आधार घ्या. कागदाची एक पट्टी कापा, तिच्यावर सरळ रेघ ओढा आणि रेघेवर ५७ मिमी अंतराने दोन खुणा करा. एका खुणेवर बॉल ठेवा, रेघ पॉकेटच्या मध्याशी जुळवा. दुसरी खूण ही पांढऱ्याचा तळ जिथे पोचायला हवा ती जागा. तिथे कापडावर छोटं गोल स्टिकर लावून पट्टी काढून घ्या आणि पांढरा त्या स्टिकरवर पाठवा.

काही वेळाने स्टिकरशिवाय खेळा: आधी बोटाने जागा दाखवा, मग पट्टीने तपासा. अंदाज सुधारतो तो या तपासण्यामुळे; नुसतं स्टिकर लावून खेळत राहिलात तर डोळा स्टिकर शोधायला शिकेल. एक धोका आहे. खूण कापडावर आहे आणि बॉलचा मध्य त्याच्या २८-२९ मिमी वर. खुणेकडे तिरकं, बाजूने बघितलं तर जागा सरकलेली वाटते. शॉटच्या रेषेत उभं राहूनच बघा.

५. हाफ बॉल, क्वार्टर बॉल यांचे कोन पाठ करायचे का? हे आकडे येतात कुठून?

पांढऱ्याच्या मध्यातून जाणारी रेषा बॉलवर कुठे पडते, त्यावरून. रेषा बॉलच्या बरोबर कडेवर पडली तर हाफ बॉल, आणि कट ३० अंश. बॉलचा मध्य आणि कड यांच्या अधोमध पडली तर थ्री-क्वार्टर, कट साडेचौदा अंश. कडेच्या बाहेर साधारण १४ मिमी पडली तर क्वार्टर, कट ४८.६ अंश. बाहेर २१ मिमी, म्हणजे एक-अष्टमांश, कट ६१ अंश.

सगळे पाठ करू नका. हाफ बॉल मात्र घोटून घोटून पक्का करा, कारण इतरांमध्ये ‘कडेच्या थोडं आत’, ‘कडेच्या थोडं बाहेर’ असा अंदाज असतो, आणि हाफ बॉलला बघायला खरीखुरी कड असते. सरावासाठी घोस्ट बॉलच्या जागी स्टिकर लावा. क्यू आडवी धरून स्टिकरवरून आणि बॉलच्या कडेवरून जाणारी रेषा बघा, आणि पांढरा त्या रेषेवर कधी जवळ, कधी लांब ठेवून मारा. कोन तोच, अंतर वेगळं. ते चित्र डोळ्यांत बसलं की समोरचा शॉट हाफ बॉलपेक्षा जाड आहे की पातळ, हे उभ्या उभ्या कळायला लागतं, आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

६. हाफ बॉल म्हणजे पांढऱ्याने अर्धा बॉल झाकला गेला पाहिजे ना? लांबच्या शॉटला ते जुळत नाही.

जुळणार नाही. लांबचा बॉल लहान दिसतो, त्यामुळे दोन सारख्या चकत्या एकमेकींवर सरकवल्याचं व्हिडिओतलं चित्र टेबलावर दिसत नाही. झाकलेला भाग मोजू नका. पांढऱ्याच्या मध्यातून जाणारी रेषा कुठे पडते तेवढं बघा. ती अंतराने बदलत नाही.

७. व्हिडिओत वरून दाखवतात तेव्हा सगळं कळतं. वाकलो की कोन वेगळाच दिसतो.

वरचा कॅमेरा तुम्हाला नकाशा दाखवतो. खेळताना डोळे कापडापासून थोड्याच उंचीवर असतात, तिथून खोली चपटी होते आणि कोन दबलेले दिसतात. म्हणून कोन उभं असतानाच ठरवायचा.

आधी बॉलच्या मागे जाऊन पॉकेटची रेषा बघा. मग पांढऱ्याच्या मागे, शॉटच्या रेषेवर उभे राहा आणि नेमाची जागा ठरवा. त्यानंतर नजर तिथून न हलवता रेषेवरूनच खाली वाका. बाजूने येऊन आत शिरू नका. खाली गेल्यावर नेम चुकीचा वाटला तर क्यू सरकवून जुळवण्याचा मोह होतो. उठा, पुन्हा वाका. खाली राहून केलेल्या दुरुस्तीत क्यू फिरते आणि खांदा व पाय जुन्याच रेषेवर राहतात.

व्हिडिओतला ‘खेळाडूच्या नजरेतून’ असा शॉटही जपून बघा. तो कॅमेरा बहुधा डोक्याच्या वर किंवा खांद्याजवळ असतो. रेषेपासून थोडासा जरी बाजूला असला तरी बॉल एकमेकांवर सरकलेले दिसण्याचं प्रमाण बदलतं. पडद्यावरचं चित्र टेबलावर जसंच्या तसं शोधू गेलात तर नेम बिघडेल.

८. नेम चुकतोय की स्ट्रोक, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि विचारायला हवा तो सगळ्यांनी.

पहिली चाचणी बॉलशिवाय करा. पांढरा टेबलाच्या लांबीच्या मधल्या रेषेवर ठेवा आणि समोरच्या कुशनच्या (टेबलाच्या रबरी कडेच्या) मधल्या खुणेवर मध्यम वेगाने मारा. तो परत येऊन तुमच्या टिपला (क्यूच्या टोकाला) लागला पाहिजे. मधल्या खुणेवर जाऊन बाजूला परतला, तर तुम्ही नकळत साइड (मध्याच्या डावी-उजवीकडे मारून दिलेली फिरकी) लावता. खुणेवरच गेला नाही, तर क्यूची दिशा चुकते. टेबल एका बाजूला कललेलं असलं तर निकाल फसवा येतो, म्हणून दोन्ही टोकांकडून करून बघा.

दुसरी चाचणी पट्टेवाल्या बॉलची. पांढऱ्याऐवजी तो ठेवा, पट्टा उभा आणि शॉटच्या दिशेत, आणि मधोमध मारा. पट्टा चाकासारखा सरळ फिरला तर ठीक. डगमगला तर टिप मध्यावर लागलेली नाही.

तिसरी चाचणी सगळ्यात बोलकी आहे: सरळ रेषेतला स्टॉप शॉट. पांढरा, बॉल आणि पॉकेट एका रेषेत. पांढरा बॉलला लागून जागच्या जागी थांबायला हवा. थांबताना उजवीकडे सरकला, तर तो बॉलच्या उजव्या अंगाला लागला आणि बॉल डावीकडे गेला. जागेवर थांबून भोवऱ्यासारखा फिरत राहिला, तर दिशा बरोबर होती पण साइड लागली. सरळ शॉटमध्ये नेमाचा प्रश्नच नसतो, त्यामुळे इथे दिसलेली चूक स्ट्रोकची, स्टान्सची किंवा डोळ्यांच्या जागेची (उत्तर १०).

तिन्ही जमतात आणि तरी कट चुकतात? मग चुकांची दिशा बघा. सतत एकाच बाजूला, म्हणजे कायम जाड किंवा कायम पातळ जात असेल तर नेमाची समजूत चुकली आहे किंवा थ्रो धरलेला नाही (उत्तर १३). कधी इकडे, कधी तिकडे जात असेल तर अजून स्ट्रोकच. अशा वेळी नवी पद्धत शिकून काहीही मिळणार नाही.

९. नेमात किती चूक चालते?

वाटते त्यापेक्षा खूप कमी. पांढरा लागताना आडवा १ मिमी सरकला की सरळ शॉटमध्ये बॉलची दिशा सुमारे १ अंशाने बदलते. हाफ बॉलला १.१५ अंशांच्या आसपास. ६० अंशांच्या कटला तोच मिलिमीटर २ अंश होतो. एका मीटरवर १ अंश म्हणजे साडेसतरा मिमी.

वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांत कॉर्नर पॉकेटचं तोंड ४.५ ते ४.६२५ इंच, म्हणजे ११४ ते ११७ मिमी आहे. बॉल ५७ मिमीचा, तेव्हा समोरून आलेल्या बॉलला दोन्ही बाजूंना जबड्याला न लागता साधारण २८ मिमी मोकळे मिळतात. पॉकेट एक मीटरवर असेल तर सरळ शॉटला दीड मिलिमीटरच्या थोडी पुढे सूट, आणि ६० अंशांच्या कटला एक मिलिमीटरही नाही. जो व्हिडिओ कडेला हलकं खरवडणारे कट ‘या युक्तीने सोपे’ म्हणून विकतो, त्याच्याकडे हे आकडे डोक्यात ठेवून बघा.

१०. डॉमिनंट (नजरेत वरचढ असलेल्या) डोळ्याखाली क्यू हवी की हनुवटीच्या मध्याखाली?

दोन्ही सांगणारे शिक्षक आहेत आणि दोघांचे खेळाडू जिंकतात. जी जागा धरल्यावर सरळ रेषा तुम्हाला खरोखर सरळ दिसते ती तुमची. काहींची डोळ्याखाली, काहींची हनुवटीखाली, पुष्कळांची मधे कुठेतरी. शोधायला सरळ शॉट मांडा, क्यू रेषेवर ठेवून घ्या आणि डोकं किंचित डावी-उजवीकडे सरकवा. एका जागी क्यू, पांढरा आणि बॉल एका रेषेत वाटतील. ती जागा दर शॉटला तीच ठेवणं महत्त्वाचं. चश्मा वापरत असाल तर वाकल्यावर नजर भिंगाच्या वरच्या कडेतून जाते, तिथे चित्र विकृत होऊ शकतं. फ्रेमची वरची कड नजरेच्या आड येत नाही ना, ते बघा.

११. मारताना शेवटी कुठे बघायचं, पांढऱ्याकडे की बॉलकडे?

बॉलकडे, म्हणजे नेमाच्या जागेकडे. सरावाच्या झोक्यांमध्ये नजर दोन्हीकडे जाऊ दे, पण क्यू मागे नेऊन थांबल्यावर ती नेमावर स्थिर करा आणि पांढरा सुटेपर्यंत तिथेच ठेवा. क्रीडा संशोधक जोन विकर्स यांनी या शेवटच्या स्थिर नजरेला ‘क्वाएट आय’ म्हटलं. २००२ मध्ये बिलियर्ड्स खेळाडूंवर झालेल्या अभ्यासातही कुशल खेळाडूंची ही नजर जास्त वेळ टिकते असं दिसलं. ब्रेकला आणि कुशनला चिकटलेला पांढरा मारताना काही जण शेवटी पांढऱ्याकडे बघतात, ते चालतं.

१२. ‘पॉकेटच्या मध्यावर नेम धरा’ म्हणतात. मध्य नक्की कुठला?

बॉलच्या जागेवरून दिसणारा. कॉर्नर पॉकेटला कुशनलगत येणाऱ्या बॉलसाठी जवळचं टोक वाट अडवतं, तेव्हा मध्य लांबच्या बाजूला सरकतो. साइड पॉकेटला तिरक्या कोनातून हे फारच जाणवतं: जवळच्या टोकापासून बॉलची अर्धी जाडी सोडून उरलेल्या फटीचा मध्य धरा. हे बॉलच्या मागे उभं राहूनच दिसतं. पांढऱ्याच्या मागून ठरवू नका.

१३. हळू मारलेला कट जाड जातो, तोच जोरात मारला तर पडतो. व्हिडिओत याबद्दल काहीच नव्हतं!

हा थ्रो. दोन बॉल घासले जातात तेव्हा पांढरा आपल्या दिशेने बॉलला थोडा ओढून नेतो, म्हणजे कट कमी होतो. घोस्ट बॉलची भूमिती हे घर्षण धरतच नाही.

थ्रो सर्वात जास्त कधी? वेग कमी असताना, आणि पांढरा ना पुढे लोळत ना मागे फिरत, नुसता घसरत लागला की, म्हणजे स्टन शॉटला. सरळ शॉटला तो शून्य असतो, हाफ बॉलपर्यंत वाढत जातो. या सगळ्या गोष्टी जुळून आल्या तर ५ अंशांच्या आसपास पोचतो. ९व्या उत्तरातल्या आकड्यांपुढे हे अवाढव्य आहे. बॉल मळके असतील तर थ्रो वाढतो. लागण्याच्या जागी नेमका चॉकचा डाग आला तर बॉल अचानक खूपच जाड जातो; त्याला तुमचा इलाज नाही.

उपाय तीन. हळू स्टन कटला थोडं पातळ धरा. किंवा पांढरा लोळता ठेवा, थ्रो बराच कमी होतो. किंवा बाहेरची साइड लावा: बॉल डावीकडे कापायचा असेल तर उजवी. ठरावीक साइडला दोन्ही बॉलचे पृष्ठभाग दातेरी चाकांसारखे एकमेकांवर न घासता फिरतात आणि थ्रो नाहीसा होतो. हाफ बॉलला ही साइड जास्तीत जास्त साइडच्या साधारण ४० टक्के लागते. हा तिसरा उपाय कागदावर देखणा आहे, पण साइडबरोबर येणारी कटकटही आणतो (पुढचं उत्तर). मी आधीचे दोन पक्के करायला सांगेन.

१४. साइड लावली की सगळा नेम बिघडतो. नक्की काय होतं?

तीन गोष्टी एकदम. डावी साइड लावली की पांढरा सुटतानाच किंचित उजवीकडे जातो; याला स्क्वर्ट किंवा डिफ्लेक्शन म्हणतात. क्यू मागून जराशी वर असतेच, त्यामुळे वाटेत तो पुन्हा डावीकडे वळतो, हा स्वर्व्ह. आणि लागताना फिरणारा पांढरा बॉलला उजवीकडे ढकलतो, हा स्पिनचा थ्रो. जोरात मारलं तर स्क्वर्ट उरतो, हळू आणि लांब मारलं तर स्वर्व्ह डोईजड होतो. म्हणून ‘साइड लावली की इतकं सरकून धरा’ असा एकच नियम देणारा व्हिडिओ एका वेगापुरता आणि एका क्यूपुरताच खरा.

स्क्वर्ट ठरतो क्यूच्या पुढच्या टोकाच्या वजनावर; लो-डिफ्लेक्शन शाफ्टमध्ये (शाफ्ट म्हणजे क्यूचा पुढचा भाग) तेच कमी केलेलं असतं. कमी, शून्य नव्हे. आणि टिप मध्यापासून अर्ध्या त्रिज्येपलीकडे, म्हणजे १४ मिमीच्या पुढे नेली की निसटते, तेव्हा जास्तीची हाव उपयोगाची नाही.

साइडविना फक्त उभ्या मध्यरेषेवर वर-खाली मारून बरंच पोझिशन (पुढच्या शॉटसाठी पांढरा हव्या जागी नेणं) खेळता येतं. नेम बसेपर्यंत तेवढंच खेळा.

१५. बॅकहँड इंग्लिश केलं की डिफ्लेक्शन आपोआप दुरुस्त होतं म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. मध्यावर नेम धरून ब्रिजचा (क्यूला टेकू देणारा) हात तसाच ठेवायचा आणि मागचा हात सरकवून टिप बाजूला न्यायची, ही ती रीत. क्यूचा तिरकेपणा स्क्वर्टला बरोबर छेद देतो, पण टिपपासून ब्रिजचं अंतर त्या शाफ्टसाठी ठरावीक असलेल्या ‘पिव्हट लांबी’इतकं असेल तेव्हाच. लो-डिफ्लेक्शन शाफ्टची ही लांबी जास्त असते, बऱ्याचदा आरामात ब्रिज करता येईल त्यापेक्षाही जास्त. शिवाय हळू शॉटला स्वर्व्ह सगळा हिशेब उधळतो. तुमच्या क्यूची लांबी शोधायला लांबचा सरळ शॉट जोरात, रीतीप्रमाणे साइड लावून मारा आणि बॉल पूर्ण लागेपर्यंत ब्रिज पुढे-मागे करा.

१६. सीटीई आणि इतर पिव्हट पद्धती खरंच काम करतात का?

सीटीई म्हणजे सेंटर टू एज: पांढऱ्याच्या मध्यापासून बॉलच्या कडेपर्यंतची रेषा आधाराला घेऊन, ठरलेल्या खुणा जुळवून, थोडंसं फिरून नेमावर यायचं. ही विचारसरणी पूलचे शिक्षक हॅल हूल यांनी पसरवली आणि दुसरे शिक्षक स्टॅन शफेट यांनी तिला सविस्तर रूप दिलं. तिच्यावरून पूलच्या जगात जितकं भांडण झालंय तितकं क्वचितच दुसऱ्या कशावरून झालं असेल.

माझं मत सांगतो. मोजक्या खुणांमधून प्रत्येक कोन निघणं भूमितीत बसत नाही. उरलेला फरक खेळाडूचा डोळा नकळत भरून काढतो. तरीही ती वापरून लोक सुधारतात, कारण ती दर शॉटला एकाच क्रमाने, एकाच जागी उभं राहायला भाग पाडते. ती शिस्त ७व्या उत्तरातही मिळते, फुकट. तुम्हाला खुणा आवडत असतील तर जरूर शिका, फक्त हाफ बॉल ओळखता येण्याआधी नको.

१७. दोन शिक्षक एकमेकांविरुद्ध सांगतात. कोणाचं ऐकू? आणि चांगला व्हिडिओ ओळखायचा कसा?

आधी दोघे एकाच शॉटबद्दल बोलतात का ते बघा. ‘पातळ धरा’ म्हणणारा हळू स्टन मारत असतो, ‘आहे तसं धरा’ म्हणणारा जोरात लोळता मारत असतो, दोघेही बरोबर. आवाज बंद करून पांढरा लागल्यावर काय करतो तेवढं बघितलं तर हे लगेच कळतं.

चांगल्या व्हिडिओत चुकलेले शॉट कापलेले नसतात, वेग आणि टिप कुठे लागली हे सांगितलेलं असतं, आणि बॉल पॉकेटला नुसता चिकटवून ठेवलेला नसतो. थ्रो आणि स्क्वर्ट डोळ्यांनी बघायचे असतील तर कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवलेले डेव्हिड अल्सियाटोर, म्हणजे ‘डॉ. डेव्ह’, यांची हायस्पीड चित्रणं बघा. ती मनोरंजक नाहीत. पण तिथे दावा आणि पुरावा एकाच चौकटीत दिसतो.

१८. स्वतःचा व्हिडिओ कसा काढावा?

शॉटच्या रेषेवर, तुमच्या मागे, फोन स्टँडवर ठेवा. पॉकेटही चौकटीत हवं. जवळ ठेवून वाइड लेन्स वापरली तर कडेच्या सरळ रेषा वाकतात, त्यापेक्षा लांब ठेवून झूम करा. मागचा कॅमेरा वापरा. पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र कधी कधी उलटं साठवलं जातं आणि मग डावं-उजवं घोळतं. सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेम मिळत असतील तर घ्या. दुसरा कोन समोरून: हनुवटी, क्यू आणि कोपर एका उभ्या रेषेत आहेत का ते त्यातच दिसतं.

बघताना एकच गोष्ट शोधा. सरावाच्या झोक्यात क्यू सरळ होती आणि शेवटच्या झोक्यात वळली का? वळली असेल तर तुम्ही नेम चुकीचा धरून हाताने दुरुस्त करताय, आणि तसे पडलेले शॉटसुद्धा चुकीचंच शिकवतात.

१९. बॉल कुशनला चिकटलेला असेल तर आधी बॉल की आधी कुशन?

घोस्ट बॉलही कुशनला चिकटलेलाच असतो, म्हणजे दोन्ही एकाच वेळी. चुकायचंच असेल तर केसभर आधी कुशनला लागणं बरं. कुशन थोडी दबते आणि शॉट वाचतो. आधी बॉल जाड लागला तर तो कुशनवर आपटून बाहेर येतो. हे शॉट फार जोरात मारू नका.

२०. कॉम्बिनेशनला (एका बॉलने दुसरा बॉल घालताना) नेम कुठे धरायचा?

उलट क्रमाने. शेवटच्या बॉलचा घोस्ट बॉल हे आधीच्या बॉलचं ‘पॉकेट’. पांढऱ्याची चूक पहिल्या बॉलमध्ये वाढते, ती दुसऱ्यात आणखी वाढते (उत्तर ९ आठवा), म्हणून दोन बॉलमधलं अंतर हातभरापेक्षा जास्त असेल तर दुसरा शॉट शोधा. दोन बॉल एकमेकांना चिकटलेले असतील तर नियम वेगळा: पहिला ज्या बाजूला निसटायला बघतो, दुसरा त्याच बाजूला थोडा ओढला जातो. जोडी पॉकेटच्या थोडी डावीकडे रोखलेली असेल तर पहिल्याला डाव्या अंगावर मारा. तो उजवीकडे निसटेल आणि दुसऱ्यालाही तिकडे ओढेल.

२१. स्नूकरचे व्हिडिओ बघून पूलचा नेम शिकता येईल का?

येईल. दोन्ही बॉल सारख्या आकाराचे असले की हाफ बॉल तिथेही ३० अंशच. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमीचा, त्यामुळे एका मिलिमीटरची चूक तिथे थोडी महाग पडते, आणि गोलाकार तोंडाचे पॉकेट तिरका बॉल सहज बाहेर टाकतात. म्हणून स्नूकरचे शिक्षक स्टान्स आणि सरळ क्यूवर फार वेळ घालवतात, आणि पूलवाल्यांनी तेवढंच उचललं तरी पुष्कळ.

२२. आमच्या टेबलावरचा पांढरा बाकीच्यांपेक्षा मोठा आणि जड आहे. नेम बदलतो का?

थोडा. काही नाणं टाकून चालणाऱ्या टेबलांवर पांढरा परत यावा म्हणून तो वेगळा ठेवतात. मोठ्या पांढऱ्याचा घोस्ट बॉल किंचित लांब सरकतो: ६०.३ मिमीच्या पांढऱ्याला ५७.१५ ऐवजी सुमारे ५८.७ मिमी, म्हणजे ४थ्या उत्तरातल्या पट्टीवरची दुसरी खूण पहिलीपासून दीड मिमी आणखी लांब घ्या. खरा फरक जाणवतो तो नंतर. जड पांढरा स्टॉप शॉटला थांबत नाही, पुढे सरकतो. कट शॉटलाही नेहमीपेक्षा जास्त पुढे जातो, आणि मागे खेचायला कष्ट पडतात. ८व्या उत्तरातली तिसरी चाचणी अशा टेबलावर घेतलीत तर पांढरा पुढे गेल्याचं मनावर घेऊ नका, डावीकडे-उजवीकडे किती गेला तेवढं बघा.